परसातलं बी: आत्ता धरा, मृगापर्यंत टिकवा

दिवाळी उलटली की मांडवावरचा दोडका वाळायला लागतो, भेंडी निबर होते, दुधीचा वेल बुडाकडून पिवळा पडत जातो. पुढच्या पावसाळ्याचं बी धरायचे दिवस हेच. पाऊस गेलेला असतो आणि हवा कोरडी असते. बी वाया गेलं हे कळतं जूनमध्ये, वाफे रिकामे राहिले की. पण बहुतेक वेळा ते आत्ताच, अर्धवट वाळवून डब्यात घातल्यामुळे गेलेलं असतं.

पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ लिहिलं असेल तर त्या झाडाचं बी धरू नका. ते उगवतं, पण पुढच्या पिढीत एक झाड दुसऱ्यासारखं निघत नाही. देशी किंवा सरळ (म्हणजे संकरित नसलेल्या) वाणाचंच बी धरावं. जवळ नसेल तर गावातल्या जुन्या घरांत विचारा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली ती अशी गावोगावची देशी बियाणी राखल्याबद्दलच.

घरोघरची एक खोड मात्र सोडायला हवी. चांगली फळं भाजीला जातात आणि पानाआड राहून गेलेलं शेवटचं फळ बियाला ठेवलं जातं. अशा फळात पोचट बी जास्त निघतं, शिवाय नकळत दरवर्षी उशिरा फळणाऱ्या वेलाचीच निवड होत राहते. खरं तर वेल भरात असताना धरलेलं दुसरं-तिसरं फळ राखावं, देठाला रंगीत चिंधी बांधावी आणि भाजी तोडणाऱ्या सगळ्यांना बजावून ठेवावं. एका वेलावर एक-दोन फळं पुरेत. बियाचं फळ पिकू लागलं की वेल नवी फळं कमी धरतो. यंदा ती वेळ गेली असेल तर निदान निरोगी वेलावरचं फळ घ्या. भेंडीवर केवडा (पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याचा रोग) पडला असेल तर ते झाड सोडा. केवडा बियातून येत नाही, पांढरी माशी तो पसरवते; पण शेजारच्या झाडांवर तो पडूनही जे झाड हिरवं राहिलं, बी त्याचंच धरावं.

वाल, घेवडा, चवळी, टोमॅटो यांची भेसळ सहसा होत नाही. वेलवर्गाचं तसं नाही. लांब आणि गोल दुधी जवळजवळ असतील तर मधमाश्या-पतंग त्यांचा संकर करून ठेवतात. म्हणून एका हंगामात एका भाजीचा एकच वाण लावणं सगळ्यात सोपं. दोन हवेच असतील तर हाताने परागीकरण करा. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. त्या दिवशी उमलणारी एक नर आणि एक मादी कळी (मादीच्या मागे चिमुकला दुधी असतो) दुपारीच दोऱ्याने हलकी बांधून ठेवा. संध्याकाळी नर फुलाच्या पाकळ्या काढून पराग मादीवर फिरवा आणि मादी फूल परत बांधा.

दुधी वेलावरच वाळू द्या, हलवला की आत बी खुळखुळलं पाहिजे. वाळलेल्या दोडक्याच्या टोकाचं झाकण आपोआप निघतं, उलटा धरून झटकला की काळं बी खाली पडतं. वांगं पिवळं होऊन मऊ पडेपर्यंत झाडावर राहू द्या. टोमॅटो आणि काकडीचा गर बियांसकट एक-दोन दिवस भांड्यात आंबवा, मग धुवा. तळाशी बसेल ते बी घ्या, तरंगेल ते टाका. धुतलेलं बी कागदावर पसरू नका, चिकटून बसतं. ताटली किंवा सुपली बरी.

आता वाळवण. इथे घाई करू नका. आधी सावलीत, मग सकाळचं कोवळं ऊन. दुपारच्या उन्हात पत्र्यावर किंवा प्लास्टिकवर टाकलेलं बी भाजून निघतं. बियातला ओलावा एक टक्क्याने उतरला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा बियाणेशास्त्रातला ठोकताळा आहे. घरची पारख सोपी: दुधीचं बी वाकवलं तर वाकायला नको, कट्कन मोडायला हवं, वालावर दात रुतता कामा नये.

वालाला भुंगा लागतो तो बहुधा शेतातूनच येतो, कारण मादी शेंगेवरच अंडी घालते. म्हणून नुसता डबा घट्ट लावून भागत नाही. किलोभर वालाला पाच ते दहा मिलीलीटर गोडेतेल किंवा एरंडेल चोळा, नाहीतर गोवरीची चाळलेली, पूर्ण गार राख मिसळा. कडुनिंबाचा पाला घालायचा तर खडखडीत वाळलेला. ओला पाला डबा दमट करतो.

बाकीचं बी कागदी पाकिटात घालून काचेच्या बरणीत ठेवा. तळाशी मूठभर तांदूळ कोरडे भाजून, गार करून फडक्यात बांधून ठेवलेत तर ते ओल ओढून घेतात. बरणी फ्रिजमध्ये चालते, पण बाहेर काढल्यावर पुरती घरच्या हवेइतकी होईपर्यंत झाकण उघडू नका, नाहीतर थंड बियांवर दव धरतं. कोकणात पावसाळ्याआधी हे तांदूळ एकदा बदलाच.

पाकिटावर वाणाचं नाव आणि महिना-वर्ष लिहा. कांद्याचं बी वर्षभरातच वापरावं, मिरचीचं दोन वर्षांत. टोमॅटो, वांगी, काकडी, दुधी नीट ठेवलं तर चार वर्षंही चालतं. मे महिन्यात दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उगवण बघा. सात-आठ बियांना मोड आले तर नेहमीसारखं टोका, पाचांनाच आले तर एका आळ्यात दुप्पट बी घाला.