गावच्या हाटेलात सकाळचा नाश्ता

विदर्भात एसटीने किंवा गाडीने निघालात, तर नाश्ता हायवेच्या चकचकीत ढाब्यावर करू नका. तालुक्याच्या गावात शिरा आणि स्टँडजवळचं छोटं हाटेल गाठा. सकाळी सात ते नऊ ही खरी वेळ. पोह्यांची परात तेव्हा वाफेवर असते, नंतर ते कोरडे पडून घशात अडकतात.

इथले पोहे म्हणजे तर्री-पोहे, वरून हरभऱ्याचा झणझणीत रस्सा. तिखटाची सवय नसेल तर आधीच सांगा, "भाऊ, तर्री बाजूला द्या." एकदा ओतली की परत काढता येत नाही, नाकातून पाणी मात्र येतं. पोह्यांवर सांबार टाकू का, असं विचारलं तर गोंधळू नका. इडलीसोबतचं सांबार नव्हे, विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. आलुबोंडा कढईतून निघतानाच मागा. काचेच्या कपाटातला गार झालेला घेऊ नका. आठवडी बाजाराच्या दिवशी कढई सतत चालू असते, तेव्हा हा प्रश्नच येत नाही.

चहा 'कट' मागितला की अर्धा मिळतो. कॉफीचा हट्ट मात्र इथे धरू नका, बहुतेक ठिकाणी दुधात झटपट पावडर ढवळून देतात. ती हौस चिखलदऱ्याला भागवा, सातपुड्याच्या त्या थंड डोंगरावर कॉफीचे मळे आहेत.

आणि सुटे पैसे ठेवा. मेळघाटाकडे रेंज गेली की फोनवरून पैसे जात नाहीत. मालक "राहू द्या, येताना द्या" म्हणेलही, पण तुम्ही त्याच रस्त्याने परत येणार आहात का?