गेम सर्व्हरमध्ये एसक्यूएल इंजेक्शनची फट कशी शोधाल?

खेळाडूचं नाव, गिल्डचं (खेळाडूंच्या गटाचं) नाव, टपालातला मजकूर: असं काहीही क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला एसक्यूएल भाषेत दिलेल्या आदेशात, थेट जोडलेलं असेल, तर कुणीही गेममधूनच तुमच्या डेटाबेसला हुकूम सोडू शकतो. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. सर्व्हरचा आयता मिळणारा जुना कोड घेतला, की हे सापडू शकतं.

१. सर्व्हरच्या चाचणी प्रतीवर नावात एकेरी अवतरणचिन्ह असलेलं पात्र तयार करा. लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींत) एसक्यूएल सिंटॅक्सची चूक दिसली, की फट सापडली. नाव नुसतं नाकारलं गेलं, तर तेच गिल्ड, टपाल आणि मित्रयादीत करून बघा. नावावर गाळणी असली, तरी टपालावर ती असेलच असं नाही.

२. सोर्समध्ये 'सिलेक्ट', 'इन्सर्ट', 'अपडेट', 'डिलीट' शोधा. जिथे मजकूर अधिक चिन्हाने किंवा स्प्रिंटएफ या फंक्शनने जोडलाय, तिथे प्रिपेअर्ड स्टेटमेंट (व्हॅल्यूंच्या जागा मोकळ्या ठेवून आधीच तयार केलेली क्वेरी) वापरा आणि व्हॅल्यू पॅरामीटर म्हणून वेगळी द्या. डेटाबेसमधूनच वाचलेलं नाव पुन्हा क्वेरीत जात असेल, तर तिथेही हेच. ही जागा नजरेतून सहज निसटते.

३. टेबल किंवा कॉलमचं नाव असं पॅरामीटरने देता येत नाही. क्रमवारीसाठी कॉलम निवडायचा असेल, तर चालणाऱ्या नावांची यादी कोडमध्येच ठेवा.

४. सर्व्हर 'रूट' खात्याने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याने, डेटाबेसला जोडू नका. वेगळं खातं काढा, त्याला 'ड्रॉप'चा (टेबल पुसून टाकण्याचा) अधिकार देऊ नका.

हे प्रयोग फक्त स्वतःच्या सर्व्हरवर, तेही बॅकअप घेऊन. दुसऱ्याच्या सर्व्हरवर परवानगीशिवाय असं करणं गुन्हा ठरू शकतो.