तीन प्रोजेक्ट, नियम एकच: माझा अनुभव

मी रत्नागिरीत घरून काम करतो, जोडीदार मालवणला. आमची जावास्क्रिप्टची तीन प्रोजेक्ट आहेत आणि तिन्हींत ईएसलिंटचे (कोडमधल्या चुका दाखवणारं साधन, म्हणजे लिंटर) नियम वेगळे होते. ऐन मे महिन्यात, हापूसच्या ऑर्डरींची घाई असताना, त्याने पेटीच्या भावाची एक ओळ बदलली आणि डिफमध्ये (जुन्या-नव्या कोडमधला फरक; जुनी ओळ लाल, नवी हिरवी) अख्खी फाइल लाल-हिरवी! माझ्याकडे सिंगल कोट, त्याच्या एडिटरने सगळे डबल केलेले. नेमकी ओळ शोधण्यात अर्धा तास गेला. त्याच रात्री नियम एका जागी आणायला घेतले.

सगळे नियम एका खाजगी एनपीएम पॅकेजमध्ये (जावास्क्रिप्ट कोड वाटून वापरायचा गठ्ठा) टाकले आणि ईएसलिंटला पीअर डिपेंडन्सी ठेवलं, म्हणजे ईएसलिंट प्रत्येक प्रोजेक्टने स्वतःचं आणायचं.

अडलो ते पुढे. जुन्या प्रोजेक्टमध्ये नियम लागूच होईनात. २०२४ मध्ये आलेली ईएसलिंटची आवृत्ती ९ नियमांची जुनी ‘ईएसलिंटआरसी’ फाइल आपणहून वाचत नाही, तिला ‘ईएसलिंट डॉट कॉन्फिग डॉट जेएस’ लागते. ही नवी रचना मला मनापासून आवडली: पॅकेज नियमांचा एक अ‍ॅरे (यादी) देतं, प्रोजेक्टने तो आपल्या फाइलीत पसरायचा आणि स्वतःचे अपवाद त्याखाली लिहायचे. क्रम मात्र सांभाळा, कारण खालचा नियम वरच्याला मागे टाकतो. मी आधी अपवाद वर लिहिले होते, म्हणून ते चालत नव्हते.

कोट, स्पेस वगैरे प्रिटियरकडे (कोडची मांडणी एकसारखी करणारं साधन) सोपवलं. ते काम लिंटरचं नव्हेच. सगळ्या फाइली एकदाच फॉरमॅट करून वेगळा कमिट (बदलांची नोंद) केला. काल जोडीदाराने पुन्हा भाव बदलला. डिफमध्ये दोनच ओळी: एक लाल, एक हिरवी.