वेडी बाभूळ काढायला यंत्र भाड्याने आणताना: पावसाआधीचा सल्ला

रब्बी निघाली आहे आणि वर्षानुवर्षं पडीक राहिलेला तुकडा यंदा वहितीखाली आणायचा ठरला आहे, तर एप्रिलचा शेवट ते मेचा तिसरा आठवडा हा त्यासाठीचा काळ. पुढे दोन अडचणी एकदम येतात. शेततळी, बांध आणि रस्त्यांच्या कामांमुळे यंत्र मिळत नाही, आणि एखादा मोठा वळीव झाला की काळ्या रानात साडेसात टनांचं जेसीबी रुततं. रुतलेलं यंत्र काढण्यात दिवस जातो. शिवाय ओल्या रानात त्याच्या चाकांखाली माती इतकी दबते की तिथे दोन-दोन हंगाम पीक खुजं राहतं.

हा सल्ला वेडी बाभूळ माजलेल्या रानासाठी आहे. घाणेरी, करवंद किंवा बोरीच्या जाळ्या असल्या तरी बहुतेक गोष्टी लागू पडतात.

यंत्र येण्याच्या आदल्या दिवशी

रान पायी फिरा, हातात फक्कीची (रेघ मारायच्या पांढऱ्या भुकटीची) घमेली घेऊन. जुनी पाइपलाइन, ठिबकची सबमेन (जमिनीखालची नळी), बोअरची केबल, बुजलेली विहीर, हद्दीचे दगड, वाचवायची झाडं या सगळ्यांना फक्कीने गोल करा किंवा काठीला कापड बांधून रोवा. ऑपरेटरला तुमच्या शेताचा इतिहास ठाऊक नसतो. झुडपाआड लपलेला हद्दीचा दगड बकेटमध्ये गेला की शेजाऱ्याशी वाद सुरू होतो आणि मोजणीचा खर्च अंगावर येतो. हद्द धूसर असेल तर आधी मोजणी करून घ्या.

जाळ्यांमध्ये आग्या मोहोळ आहे का, हे लांबूनच पाहा. खोडाला धक्का बसला की माश्या सरळ केबिनवर येतात, आणि ऑपरेटर चालू यंत्र सोडून पळतो. मोहोळ असेल तर तेवढा भाग शेवटी ठेवा आणि जाणकाराला बोलवा. फुरसं आणि घोणस दोन्ही अशाच रानात असतात, म्हणून काटक्या गोळा करणाऱ्या माणसांना उंच बूट द्या. सापावरची लस कोणत्या दवाखान्यात मिळते, ते आधीच विचारून ठेवा.

वेडी बाभूळ काढायला अडचण सहसा येत नाही, पण तिच्यात उभी असलेली झाडं ओळखा. महाराष्ट्रात 1964 च्या झाडतोड नियमन कायद्याच्या यादीत साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, खैर, चंदन, फणस, अंजन अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या मालकीच्या रानातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. निघालेला मुरूम बाहेर द्यायचा विचार असेल तर तहसील कार्यालयाची परवानगी आधी घ्या. विनापरवाना मुरमासारखं गौण खनिज हलवल्यास बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि यंत्रही जप्त होऊ शकतं.

यंत्र कोणतं, आणि तास कसे मोजायचे

मनगटाएवढी खोडं आणि विरळ झाडी असेल तर जेसीबी पुरतं. पण त्याला टायर असतात, आणि वेडी बाभळीचा वाळलेला काटा टायरचा वैरी आहे. जेसीबीच आणायचं असेल तर जाण्या-येण्याच्या पट्ट्यातल्या फांद्या आदल्या दिवशी कोयत्याने साफ करून घ्या. पंक्चर झालं तर खर्च कोणाचा, हेही आधी बोला. मांडीएवढे बुंधे आणि दाट झाडी असेल तर चेनवरचं पोकलेन बरं. त्याला ट्रेलरवरून आणावं लागतं आणि ते भाडं वेगळं पडतं, म्हणून एक-दोन एकरांसाठी एकट्याने आणणं परवडत नाही. शेजारचे दोघे-तिघे मिळून एकाच फेरीत कामं काढावीत.

किती तास लागतील, हा प्रश्न अंदाजावर सोडू नका. 33 फूट बाय 33 फूट म्हणजे एक गुंठा. मध्यम दाटीचा एक गुंठा फक्कीने आखा, ऑपरेटरला तेवढाच साफ करायला सांगा आणि घड्याळ लावा. 12 मिनिटं लागली तर 40 गुंठ्यांच्या एकराला 8 तास, 20 मिनिटं लागली तर साडेतेरा तासांच्या आसपास. इथेच ठरवा, पुढे जायचं की अर्धा तुकडा पुढच्या वर्षी ठेवायचा. पैसे संपल्यामुळे अर्धवट उकरून सोडलेलं रान पडीक रानापेक्षा वाईट असतं, कारण पहिल्या पावसात तिथली माती धुपते.

यंत्राच्या तास मोजणाऱ्या मीटरवर दशांश असतो: 0.1 म्हणजे 6 मिनिटं. इंजिन नुसतं चालू असलं तरी मीटर पळतो, म्हणून जेवणाच्या सुट्टीत इंजिन बंद ठेवायला सांगा. सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग वहीत लिहा, मोबाईलवर फोटो काढा. डिझेल कोणाचं, कमीत कमी किती तासांचे पैसे, वाटखर्च किती, दात किंवा पिन तुटली तर कोण भरणार, या चार गोष्टी काम सुरू होण्याआधी बोलून घ्या.

स्वतः लिव्हर धरणार असाल तर

आपल्याकडे यंत्र बहुतेक ऑपरेटरसहच येतं, आणि नवख्यासाठी तेच योग्य आहे. तरीही काही ठिकाणी तीन-साडेतीन टनांचं मिनी एक्स्कॅव्हेटर (छोटं पोकलेन) ऑपरेटरशिवाय मिळतं, कुठे नात्यातल्या माणसाचं यंत्र दोन दिवसांसाठी मागून आणतात. अशा वेळी पहिली अट कागदाची. विमा कोणाच्या चालवण्याला लागू आहे, हे मालकाकडून पॉलिसी दाखवून घ्या. परवाना नसलेल्या माणसाच्या हातून अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि रस्त्यावर यंत्र नेणं तर परवान्याशिवाय चालतच नाही.

पहिला तास कामाचा धरू नका. सपाट, मोकळ्या जागी, तारेपासून आणि विहिरीपासून लांब, नुसता सराव करा. पुष्कळ एक्स्कॅव्हेटरमध्ये उजव्या लिव्हरने बूम (यंत्राला जोडलेला मोठा दांडा) आणि बकेट चालते: मागे ओढली की बूम वर, पुढे ढकलली की खाली, डावीकडे बकेट आत वळते, उजवीकडे उघडते. डाव्या लिव्हरने आर्म (बूमच्या पुढचा, बकेट धरणारा दांडा) लांब जातो किंवा जवळ येतो आणि यंत्राचा वरचा भाग डावी-उजवीकडे फिरतो. मात्र काही यंत्रांत बूम आणि आर्म यांची जागा अदलाबदल केलेली असते. केबिनमधला तक्ता पाहा, आणि प्रत्येक हालचाल एकदा अर्ध्या वेगात करून खात्री करा. माहीत असलेल्या पद्धतीवर विसंबून दुसऱ्या यंत्रावर बसलं की बूम उचलण्याऐवजी आर्म पुढे जातो, आणि समोर माणूस असेल तर संपलं.

चेनच्या यंत्रात आणखी एक फसवणूक आहे. चेन ओढणारं दातेरी चाक पाठीमागे असतं तेव्हा लिव्हर पुढे ढकलल्यावर यंत्र पुढे जातं. केबिन अर्धा फेरा फिरवलीत तर तीच लिव्हर यंत्राला मागे नेते. चालायच्या आधी दातेरी चाक कुठे आहे, हे खाली वाकून पाहायची सवय लावा.

उतारावर नवख्याने काम करूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. चढायचंच असेल तर सरळ चढा, आडवं कधीही जाऊ नका, आणि बकेट जमिनीपासून वीतभर-दीड वीत वर ठेवा, म्हणजे घसरलं तर ती टेकवता येते. उकरलेली माती उताराच्या वरच्या बाजूला टाका. भरलेली बकेट उताराकडे झोकावली की वजन तिकडे जातं, आणि यंत्र उलटण्याचं हे नेहमीचं कारण आहे. सीट बेल्ट लावा. उलटताना बाहेर उडी मारणारा माणूस केबिनखाली सापडतो.

विजेची तार. 11 केव्हीची (11 हजार व्होल्टची) तार झुडपांच्या उंचीवरून पाहिली की लांब वाटते, पण बूम उभा केला की ती अगदी जवळ येते. आडव्या अंतरात किमान 3 मीटर सोडा, त्याहून जास्त सुटलं तर उत्तम, आणि तिथे जमिनीवर फक्कीची रेघ मारा. काम जवळ असेल तर वीज कंपनीला अर्ज करून लाइन बंद करून घ्या. चुकून स्पर्श झालाच तर केबिनमध्येच बसा, कोणालाही जवळ येऊ देऊ नका आणि वीज बंद होईपर्यंत थांबा. आग लागल्यामुळे उतरावंच लागलं तर दोन्ही पाय जुळवून लांब उडी मारा. यंत्र आणि जमीन यांना एकाच वेळी हात-पाय लागू देऊ नका, आणि मग पाय जुळवूनच छोट्या उड्या मारत दूर जा.

माणसं बूमच्या टोकाच्या दुप्पट अंतरावर ठेवा. मुलांना बकेटमध्ये बसवून फिरवण्याचा प्रकार सर्रास दिसतो. तो बंद करायला हवा, घरच्या यंत्रावरसुद्धा.

बुंधा कसा काढायचा

वेडी बाभूळ जमिनीलगत कापली तर मरत नाही. तिचे फुटवे बुडख्याच्या जमिनीखालच्या भागातून येतात, म्हणून निदान एक फूट खोलवरून मूळ तोडून बुडखा सबंध बाहेर काढायचा असतो. नुसतं पुढच्या बकेटने घासून नेलं तर महिनाभरात एका खोडाच्या जागी पाच उगवतात. घाणेरीचंही तसंच आहे, फक्त तिचं मूळ वर असतं.

आधी कोयत्याने फांद्या उतरवा, पण खोड तीन-चार फूट उभं ठेवा. तेच पुढे तरफेसारखं कामी येतं. जमिनीलगत कापलेला बुडखा उपसणं सगळ्यात कठीण. तीन बाजूंनी बकेटच्या दातांनी खणून आडवी मुळं एकेक करून तोडा, मग चौथ्या बाजूकडे हळू ढकला. वाळलेली फांदी वरून केबिनवर येते, म्हणून ढकलण्याआधी वर पाहा.

इथे नवखे लोक दोन चुका करतात. एक, बकेट बाजूने झोकावून खोडावर मारणं. त्या धक्क्याने बूमच्या पिना आणि बुश ढिले होतात, फिरवणाऱ्या मोटरवर ताण येतो, आणि दुरुस्तीचं बिल तुमच्या नावावर येतं. दुसरी, ट्रॅक्टरला साखळी बांधून बुडखा ओढणं. साखळी हुकाच्या वर बांधली तर ट्रॅक्टरचं तोंड उचलून तो मागे उलटतो, आणि तुटलेला वायर रोप चाबकासारखा परत येतो. बुडखा निघत नसेल तर अजून खणा.

जेसीबीने मागच्या बाजूने खणताना दोन्ही जॅक (बाजूचे टेकू) खाली फळ्यांवर टेकवा. भुसभुशीत जागी नुसता जॅक रुततो आणि यंत्र कलतं.

दर तीन-चार तासांनी थांबून रेडिएटरपुढचा पाला काढा, नाहीतर इंजिन तापतं. सायलेन्सरजवळ वाळका पाचोळा साचू देऊ नका. मेच्या उन्हात तो पेट घेतो, म्हणून पाण्याचा पिंप जवळ ठेवा. पिनांना रोज सकाळी ग्रीस भरा. हायड्रॉलिकची नळी गळत असेल तर बोटाने चाचपू नका. दाबाखालचं तेल कातडीत शिरतं, आणि जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी हात जाऊ शकतो. पुठ्ठ्याचा तुकडा धरून गळती शोधा. काम संपल्यावर बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन तीन ते पाच मिनिटं मंद चालू ठेवा, मग बंद करा आणि चावी काढून घ्या.

माती

एका एकरावरून फक्त एक सेंटिमीटर माती सरकली तरी ती 40 घनमीटर भरते. तीन घनमीटरची ट्रॉली धरली तर 13 ट्रॉल्या, आणि ही तुमच्या रानातली सगळ्यात कसदार माती असते. म्हणून झुडपं पुढच्या सपाट बकेटने रेटत नेऊ नका. दातांच्या बकेटने किंवा दाताळ्याने उचला, मुळं हलवून माती जागेवर झटका, मग ढीग करा.

सपाटीकरण करायचं असेल तर आधी तीन-चार ठिकाणी दोन-अडीच फुटांचे खड्डे घेऊन पाहा. मुरूम वीतभरावरच लागला तर सपाटीकरण सोडून द्या, उताराला आडवे बांध घाला. खाली पांढरी चुनखडी दिसली तर ती वर येऊ देऊ नका. चुनखडीच्या मातीत लोह पिकाला मिळत नाही. सोयाबीन, भुईमूग, ऊस आणि संत्रा यांची कोवळी पानं पिवळी पडतात, ज्याला आपण केवडा म्हणतो, आणि तो दुरुस्त करायला वर्षं लागतात. खोल काम करायचंच असेल तर वरचा वीतभर थर बाजूला काढून ठेवा, खालचं काम आटपा, मग तोच थर वर पसरा.

लाकूड जाळून टाकू नका. जाड खोडं सरपणाला चालतात, बारीक काटे उताराच्या आडव्या रेषेत रचले की मातीला अडसर होतो. ढीग जिथे पेटवला तिथली माती भाजून निघते.

यंत्राच्या चाकांनी दबलेल्या पट्ट्यांवर माती कोरडी असतानाच सबसॉयलर (खोलवरची दबलेली माती फोडणारं अवजार) मारा आणि पाऊस येण्याआधी उताराला आडव्या सऱ्या पाडा. उघडं, भुसभुशीत रान पहिल्या जोरदार पावसात वाहून जातं. पहिल्या वर्षी फळबाग लावायची घाई टाळा. एकरी 20 ते 25 किलो ताग पेरा आणि फुलोऱ्यात, म्हणजे 45 ते 50 दिवसांनी, हिरवळीचं खत म्हणून मातीत गाडा.

पहिल्या पावसानंतर तीन-चार आठवड्यांनी रान फिरा. सुटलेली मुळं वीतभर फुटलेली दिसतील. ओल असतानाच कुदळीने फूटभर खालून काढा. शेजारच्या वेडी बाभळीच्या शेंगा खाऊन आलेली जनावरं त्या रानात बसवू नका, त्यांच्या शेणातून बी येतं आणि उगवतं.