वादळानंतर तलावाचं पाणी तपासताय? या चुका टाळा

वादळ सरलं की दुसऱ्या दिवशी काठावरून एक बाटली भरायची आणि तलावाबद्दल मत ठरवून टाकायचं, ही सर्वांत मोठी चूक. त्या दिवशी पाणी चहासारखं गढूळ असतं. उजेड खोल जात नाही, बरेचसे वनस्पती-प्लवक (पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शैवाल) वाहून गेलेले किंवा खाली ढकललेले असतात. मोजणीत संख्या कमी भरते आणि अहवालात ‘शैवाल घटलं’ असं येतं. प्रत्यक्षात त्याच लोंढ्याबरोबर जमिनीवरचा फॉस्फरस, म्हणजे शैवालाचं खतच, आत आलेला असतो, आणि वाऱ्याने पाणी घुसळलं तर तळाशी साठलेलाही वर येतो. गाळ खाली बसून ऊन पडलं की आठवड्या-दोन आठवड्यांत पाण्यावर हिरवी साय धरू शकते. म्हणून वादळाआधीचा एक नमुना हाताशी ठेवा आणि नंतर दोन-तीन आठवडे, एक-दोन दिवसांआड मोजत राहा. माझ्या मते महागड्या उपकरणापेक्षा हा नेम जास्त कामाचा.

फक्त वरचं पाणी घेऊ नका. उन्हाळ्यात वर कोमट आणि खाली थंड असे थर पडतात. तळाशी ऑक्सिजन संपलेला असू शकतो. जोराच्या वाऱ्याने थर मोडले की सडक्या अंड्यांचा वास येतो, मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. दर मीटरला तापमान आणि ऑक्सिजन जागेवरच मोजा. पुराचं थंड पाणी जड असल्याने बुडी मारून खालून पसरतं, त्यामुळे वर नितळ दिसतं तेव्हाही गाळ मधल्या थरात असू शकतो.

शैवाल किती आहे हे ठरवताना क्लोरोफिलच्या (हरितद्रव्याच्या) एकट्या आकड्यावर विसंबू नका. उजेड कमी झाला की पेशी स्वतःतलं क्लोरोफिल वाढवतात. शैवाल तेवढंच, आकडा मात्र चढलेला. नमुन्यात फिकट चहाचा रंग येईपर्यंत लुगॉल आयोडीन (पेशी टिकवून धरणारं आयोडीनचं द्रावण) टाका आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजा.

दिवसा वरच्या पाण्यात जाळं ओढून डाफ्निया (शैवाल खाणारा चिमुकला जलपिसू) मिळाला नाही, तर तो वादळात मेला असं धरू नका. दिवसा तो खोल दडतो, रात्री वर येतो.

हिरव्या सायीचं पाणी उकळून पिणं तर धोक्याचंच. निळ्या-हिरव्या शैवालाचं मायक्रोसिस्टिन विष उकळल्याने नष्ट होत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ईरी सरोवरावरच्या टोलेडो शहराच्या नळांत ते आढळलं, तेव्हा प्रशासनाने लोकांना पाणी पिऊ नका आणि उकळूही नका असं बजावलं होतं.