पीव्हीए वापरून स्पिनेलची बारीक पूड

१० ग्रॅम स्पिनेलसाठी (मॅग्नेशियम अ‍ॅल्युमिनेट) नऊ रेणू पाण्याचं अ‍ॅल्युमिनियम नायट्रेट ५२.७ ग्रॅम, सहा रेणू पाण्याचं मॅग्नेशियम नायट्रेट १८.० ग्रॅम आणि पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळणारा पॉलिमर) ६.२ ग्रॅम घ्या. धातूंच्या चार धन प्रभारांमागे पीव्हीएचा एक हायड्रॉक्सिल गट, असा हिशेब आहे.

वजनाआधी नायट्रेट तपासा. ही मिठं पाणी ओढतात. जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात कोरडी वाटणारी बरणी जुलैत ओलावते, आणि मग ५२.७ ग्रॅममध्ये अ‍ॅल्युमिनियम कमी भरतं. प्रत्येकी ५ ग्रॅम हळूहळू तापवत १००० अंशांवर भाजा: अ‍ॅल्युमिनियमच्या मिठाचे ०.६८ ग्रॅम उरले पाहिजेत, मॅग्नेशियमच्या मिठाचे ०.७९. कमी उरले तर त्या प्रमाणात मीठ वाढवा.

पीव्हीए गरम पाण्यात टाकू नका. बिबड्यांच्या घाट्यात पीठ एकदम ओतल्यावर होतात तशाच गुठळ्या होतात: वरून चिकट, आत कोरड्या. ११८ मिली थंड डिस्टिल्ड पाण्यात ढवळत भुरभुरवा, अर्धा तास भिजू द्या, मग ९० अंशांपर्यंत नेऊन पारदर्शक होईपर्यंत ढवळा. बोअरचं पाणी चालणार नाही. त्यातला कॅल्शियम थेट पुडीत उतरतो.

नायट्रेट वेगळ्या १०० मिली पाण्यात विरघळवून यात मिसळा. भांडं दोन लिटरचं हवं, कारण शेवटी मिश्रण फेसाळून वर येतं. हॉटप्लेटवर सतत ढवळत आटवा. पाकासारखं घट्ट झालं की तपकिरी धूर सुटतो. तो विषारी आहे, आणि वाळलेला थर पेटूही शकतो. म्हणून हे काम फ्यूम हूडमध्येच (धूर ओढून घेणारं प्रयोगशाळेतलं काचेचं कपाट), काच खाली ओढून. एकदम मोठा घाणा लावायचा मोह आवरा.

आटताना पांढरे ठिपके दिसले तर मीठ वेगळं स्फटिकू लागलंय: पीव्हीए कमी पडलं किंवा ढवळणं थांबलं. उलट पीव्हीए भरमसाट घातलं तर जळताना उष्णता वाढून कण एकमेकांना चिकटतात.

फुगलेला ठिसूळ पिंड खलात चुरडून अ‍ॅल्युमिनाच्या मुशीत अर्धीच भरा, झाकण तिरकं ठेवा. ५०० अंशांपर्यंत मिनिटाला २ अंश, पुढे ५ अंशांनी १००० पर्यंत, तिथे दोन तास. पूड करडी निघाली तर कार्बन उरलाय. झाकण काढून पुन्हा भाजा. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तन; तांब्याची क्ष-किरण नळी) स्पिनेलचं मुख्य शिखर ३६.९ अंशांच्या कोनाजवळ (२θ) दिसतं. ४२.९ ला वेगळं शिखर आलं तर मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइड) सुटा राहिलाय, आणि बहुधा दोष ओलावलेल्या अ‍ॅल्युमिनियम नायट्रेटचा.