माझ्या खेळाच्या जगात जीव आला तो मिठामुळे

रोलप्लेइंग गेमसाठी, म्हणजे प्रत्येक खेळाडू एकेक पात्र होऊन खेळतो त्या खेळासाठी, स्वतःचं जग रचताना नकाशा, राजघराणी, देवदेवता सगळं मांडलं, पण त्यात जीवच येईना. गाडी हलली ती इब्न बतूताच्या प्रवासवर्णनामुळे. १३५२ मध्ये तो सहारा वाळवंटातल्या तघाझा या मिठाच्या खाणींच्या गावाला पोचला. तिथली घरं आणि मशीद मिठाच्या ठोकळ्यांची, छपरं उंटाच्या कातड्याची. झाड एकही नाही.

मी एवढंच उचललं आणि विचार केला, इथे पाऊस पडला तर? भिंती विरघळणार! मग पाऊस अडवणारे मांत्रिक आले, त्यांचा दरारा आला, ढग चोरून आणणारी टोळीही आली. राजघराणी मी सरळ काढून टाकली. पहिल्याच डावात एका खेळाडूचं पात्र भिंत चाटून बघत होतं, तेवढ्यात बाहेर पहिला थेंब पडला.